हरल्याची बातमी

आजकाल इंग्लंडमधला फुटबॉल आठवड्याचे सातही दिवस चालू असतो आणि मला त्याचा राग येतो. शुक्रवारी एक मॅच, शनिवारी सकाळची, दुपारची, संध्याकाळची अशा तीन वेळा, रविवारी पुन्हा, आणि काही उरलंच तर सोमवार ते गुरुवार कधीही. शिळं अन्न पुरवून पुरवून वाढावं तसं चाललंय. पूर्वी तिथल्या सगळ्या मॅच शनिवारी दुपारी तीनला सुरू व्हायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. पावणेपाचला देशभराचा निकाल एकदम लागायचा आणि पुढचे सहा दिवस माणूस त्यावर विचार करायला मोकळा असायचा.

नागपुरातल्या एका सत्तरीच्या बाईनं याचा राग का करावा, असं कुणालाही वाटेल. मला कुणी तसं विचारत नाही, कारण विचारायला घरात कुणी नाही. हुडकेश्वरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. मूलबाळ झालं नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत भूगोल शिकवला, आता पेन्शन खाते. शेजारच्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांच्याशी ऑफसाइडबद्दल बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॅफेत मोठ्या पडद्यावर मॅच दाखवतात असं कळलं म्हणून गेले होते. तरुण पोरं-पोरी महागड्या जर्सी घालून बसलेली. मला बघून एकजण अदबीनं उठला आणि म्हणाला, ‘‘आजी, कुणाला न्यायला आलात का?’’ मी म्हटलं हो, आणि बाहेर येऊन ऑटो केली. वाटभर स्वतःवरच चिडत होते.

फुटबॉल आमच्या घरात आला तो वडिलांच्या गिरणीतून. वडील नागपूरच्या कापडगिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. तिथली यंत्रं जुनी, विलायती. प्रत्येक यंत्राच्या अंगावर ते जिथे घडलं त्या इंग्लंडमधल्या गावाचं नाव ओतीव अक्षरांत असायचं. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तेवढा एक शब्द रोज बघून बघून पाठ झाला होता. माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो कामठीच्या मैदानांवर फुटबॉल खेळत वाढला. एका शनिवारी त्यानं शेजाऱ्यांचा रेडिओ मागून आणला आणि विलायतेतले निकाल लावले. निवेदक एकेक नाव वाचत होता, खरखर चालू होती, आणि भिंतीला टेकून बसलेले वडील एकदम सरळ झाले. ‘‘अबे, हे तं आपल्या मशीनचं गाव हाये!’’ म्हणाले. त्या दिवशी ती टीम तीन गोलनं हरली होती. वडील म्हणाले, मशीनही सारखी बंदच पडते. त्या दिवसापासून ती आमची टीम झाली.

टीमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी ओळखणार कोण? मोठी टीम नव्हती ती कधीच. तिथे टीमचेही शाळेसारखे वर्ग असतात, मोसमाअखेर जिंकणाऱ्यांना वर चढवतात आणि हरणाऱ्यांना खाली उतरवतात. वरच्या वर्गात दोन वर्षं, खालच्या वर्गात सहा वर्षं, असा तिचा संसार. पण दादानं तिला पत्र लिहिलं आणि तिनं उत्तर पाठवलं. पाकिटात खिशात मावेल एवढं छापील वेळापत्रक होतं. ऑगस्टपासून मेपर्यंत कुठल्या शनिवारी कोणाशी सामना, सगळं त्यात. मग दरवर्षी दादा पत्र लिही आणि दरवर्षी वेळापत्रक येई. एखादी मॅच बर्फानं बुडाली तर तेवढीच, एरवी त्यात छापलेली तारीख कधी बदलली नाही. हे मी नुसतं जुन्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. आम्हा दोघांचं पुढचं सगळं त्या न बदलणाऱ्या तारखांवर उभं होतं.

दादाला फुटबॉलच्या जोरावर कन्हानकडच्या कोळसाखाणीत नोकरी लागली. खाणीच्या टीमचा तो हाफबॅक. माझं लग्न होऊन मी भिवापूरला गेले. निघताना तो म्हणाला, ‘‘दर गुरुवारी मले कार्ड टाकत जा. शनिवारचा अंदाज लिहून. पोस्टाचा शिक्का म्हणजे पुरावा, मागून बदलता येत नाही.’’ तोही मला टाकणार. ज्याचा अंदाज बरोबर, त्यानं पुढच्या कार्डात दुसऱ्याला हवं ते बोलून घ्यायचं. पैजेत तेवढंच असायचं.

वेळापत्रकाची नक्कल माझ्याकडे होती. गुरुवारी दुपारी शाळेतून येताना मी पोस्टकार्ड लिहायची. आमचा सामना, शिवाय दादानं निवडून दिलेले आणखी पाच. जागा वाचावी म्हणून नावं न लिहिता नुसते आकडे. दोन-एक, शून्य-शून्य, तीन-एक. खाली ‘सगळे बरे आहेत’. दोनेक महिन्यांनी पोस्टमन माझ्याकडे बघून ओळखीचं हसू लागला. मग एक दिवस सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून हलक्या आवाजात विचारलं, ‘‘तुह्या भावाले मटक्याचा नाद केव्हापासून हाये वं?’’ सगळ्या भिवापुरात बोभाटा झाला होता की मास्तरीणबाई दर गुरुवारी भावाला मटक्याचे नंबर कळवतात. पोस्टमन माझं कार्ड वाचून तेच आकडे स्वतः लावत होता, आणि एकदा त्याला लागलेही होते, म्हणून गावाचा विश्वास बसलेला. मी फुटबॉलचं समजावून सांगितलं. सासूबाईंना ते मटक्याहून लाजिरवाणं वाटलं. नवरा मात्र पोट धरून हसला. पुढे कित्येक वर्षं तो गुरुवारी आठवण करायचा, ‘‘नंबर गेले का?’’

सतरा वर्षं ती कार्डं चालली. दादाचं अक्षर कोळशाच्या बोटांचं, कडेला काळा ठसा. टीम जिंकली की कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं, पत्त्याच्या जागेतही घुसलेलं. हरली की तीनच ओळी. एकदा तर नुसतं ‘हारलो. ताप उतरला का?’ एवढंच होतं. मला हरल्याची कार्डं आवडत नसत.

मग टीव्ही आला, केबल आली. आता मॅच प्रत्यक्ष दिसेल म्हणून आम्ही दोघंही खूश होतो. दिसल्या त्या मोठ्या टीमच्याच. आमची टीम दिसायला वरच्या वर्गात असायला हवी होती आणि ती नव्हती. टीव्हीला सगळ्या मॅच एकाच वेळी चालेनात, म्हणून शनिवार फुटला. छापील तारखा दर आठवड्याला बदलू लागल्या. मी गुरुवारी अंदाज टाकायची आणि सामना मंगळवारवर गेलेला असायचा. तीनदा-चारदा असं झाल्यावर दादानं लिहिलं, ‘आता याले काही अर्थ नाही.’ ते शेवटचं कार्ड.

बाकीचं बदललेलं सगळ्यांना दिसतंच. पूर्वी हिवाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा आणि दहा मिनिटांत कोणाची जर्सी कुठली ते कळायचं नाही. आता गवत गालिच्यासारखं. जर्सीवर एक ते अकरा आकडे असायचे, आता सत्तेचाळीस नंबरचा माणूस खेळतो. गोल झाला की झाला असं नाही, कुणीतरी खोलीत बसून टीव्हीवर तपासतो, तोवर नाचणारे कंबरेवर हात ठेवून उभे. आमच्या टीमचं जुनं मैदान पाडलं, तिथे दुकानं झाली. नवं मैदान गावाबाहेर हायवेला. मालक कुठल्या तिसऱ्याच देशाचा. खेळाडूंत त्या गावचा एकही नाही. हे वाचून मी दादाला फोनवर म्हटलं, ‘‘आता यात आपलं काय उरलं गा?’’ तो म्हणाला, ‘‘वडिलांची मशीन बी भंगारात गेली. गाव तं तेच हाये.’’

भिवापूरहून आम्ही नागपुरात आलो, नवरा गेला, आणि रविवारी सकाळी नऊला दादाला फोन करायचा, असं आपोआप ठरून गेलं. तोवर शनिवारचा निकाल मोबाईलवर आलेला असायचा, दादाही भिंग लावून तो वाचायचा. आम्ही टीमबद्दल बोलायचो. दुसरं काही बोलणं आम्हाला कधी जमलंच नाही. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा तेराव्यानंतरच्या रविवारी तो पहिलं वाक्य गोलकीपरबद्दल बोलला आणि मी तिथूनच पुढे चालू केलं.

गेल्या ऑगस्टमध्ये काचबिंदूनं दादाची नजर गेली. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरली असती तर वाचवली असती. त्या रविवारी मी कन्हानला त्याच्या उशाशी बसले होते. मोसम नुकता सुरू झालेला. टीम आता दुसऱ्या वर्गात आहे, आणि आदल्या दिवशी घरच्याच मैदानावर पाच गोलनं हरली होती. दादाच्या डोळ्यांवर पट्टी, हात पांघरुणावर. त्यानं विचारलं, ‘‘काय झालं वं काल?’’

‘‘जिंकलो,’’ मी म्हटलं. ‘‘दोन-एक.’’

तो हसला. पाऊण तास बोलत राहिला.

एकदाच, पट्टी आहे तोवर, असं मी ठरवलं होतं. पण पुढच्या शनिवारी टीम पुन्हा हरली. घरात दादाला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. मुलाला क्रिकेटखेरीज काही कळत नाही, सून शाळेत नोकरीला जाते, आणि त्यांना त्रास द्यायचा नाही हा त्याचा हट्ट. बातमी माझ्याच हातात होती. मी पुन्हा जिंकवली. दोन महिने अंदाजपंचे चाललं, मग निकालांचा आपसांत मेळ बसेना. दादाची नजर गेली होती, स्मरणशक्ती नाही. म्हणून मी सोपी युक्ती काढली. जी टीम पहिल्या नंबरवर होती, तिचेच निकाल उचलून आमच्या टीमच्या नावावर खपवू लागले. गोल करणाऱ्यांची नावं तेवढी बदलायची. आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून ओरडले आणि सत्तराव्या वर्षी ही कॉपी.

जानेवारीत त्या पहिल्या नंबरच्या टीमचा आमच्याशीच सामना आला. आम्हाला चार गोल बसले. आता कोणाचा निकाल सांगणार? मी म्हटलं, ‘‘बर्फ पडला गा दादा. मॅच झाली नाही.’’ तो इतका खूश झाला! म्हणाला, एवढे पैसे आले, एवढी मशीनगिरी आली, पण बर्फ तं अजून कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जुन्या काळी बर्फामुळे बुडालेल्या मॅचच्या आठवणी काढत बसला. त्या दिवशी तासभर फोन चालला. पुढे तीन आठवडे तो विचारायचा, ‘‘ते बर्फाची मॅच झाली का?’’

मी हे त्याच्यासाठी करते असं स्वतःला सांगत होते. ते अर्धंही खरं नव्हतं. टीम हरली की दादा दोन मिनिटांत फोन ठेवतो, जिंकली की तासभर बोलतो. आठवड्यात माझ्याशी तेवढा वेळ बोलणारं दुसरं कुणी नाही. मी तो तास चोरत होते. बाकी सगळी सबब होती.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी आणखी एक विजय सांगितला, आणि पलीकडे तो पुटपुटत काहीतरी मोजू लागला. मग म्हणाला, ‘‘मी आकडे जोडून पाह्यले. आता कोणी आपल्याले गाठू शकत नाही. वर गेलो न वं आपण!’’ वर गेलो म्हणजे पुढच्या मोसमात आमची टीम टीव्हीवर येणार. ‘‘मले दिसणार नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पण लोकांचा आवाज तं ऐकू येईल. आपल्या गावच्या लोकांचा.’’ मुलाला त्यानं खेळाचं चॅनल घ्यायला सांगितलं होतं. खाणीच्या टीमचे दोन म्हातारे सोबती अजून हयात आहेत, त्यांना पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. सून पाटोडी-रस्सा करणार होती. ‘‘तू बी ये,’’ म्हणाला.

ज्या टीमला तो वर गेलेली समजत होता, ती शेवटून दुसरी होती.

त्या सोबत्यांपुढे, नाहीतर मुलापुढे, त्याला हे कळलं असतं तर? शनिवारी सकाळी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी बस पकडली. कामठी मागे पडली, पूल आला, आणि मला वाटलं की बस बंद पडावी.

दादा कूलरसमोर खाटेवर बसला होता. पांढरा सदरा, दाढी केलेली. माझी चाहूल लागताच म्हणाला, ‘‘एक दिवस आधीच आली?’’ मी त्याच्या बाजूला बसले आणि पाणीही न पिता सांगून टाकलं.

‘‘दादा, टीम वर नाही गेली.’’

‘‘काहून? तीन मॅच बाकी हायेत म्हणून? ते नुसत्या नावाच्या.’’

‘‘शेवटून दुसरी हाये. खाली चालली. मी खोटं सांगून राहिली होती.’’

तो आधी हसला, मी गंमत करते असं वाटून. मग थांबला. ‘‘केव्हापासून?’’

‘‘पट्टी होती तेव्हापासून.’’

मग त्यानं सगळ्यात पहिलं काय विचारलं असेल? ‘‘बर्फ?’’

‘‘बर्फ नव्हता गा दादा.’’

‘‘मंग किती झाली होती?’’

‘‘चार-शून्य.’’

त्यानं मान हलवली, जणू ती मॅच आत्ता संपली. रागावला असता तर बरं झालं असतं. आवाज न चढवता तो म्हणाला, ‘‘इतके वर्षं मी त्या टीमसंगं हारून राहिलो. डोळे गेले तं तुले वाटलं, मले आता हारणं बी झेपत नाही? ते माह्यं होतं वं. ते तुनं काहून घेतलं?’’

मी रडले. सत्तर वर्षांची बाई भावाच्या खाटेवर बसून लहान पोरीसारखी रडले. त्यानं हात पुढे केला नाही. सोबत्यांना मी सांगते म्हटलं, तर म्हणाला, ‘‘ते येतील, जेवतील. काय सांगायचं ते मी सांगीन. उद्या तू येऊ नको.’’ सुनेनं चहा आणला. तो आम्ही प्यायलो आणि मी परत निघाले.

पुढच्या रविवारी मी फोन केला, त्यानं उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नऊला केला. मोसम आदल्या दिवशी संपला होता. बरीच रिंग वाजली, मग त्याचा आवाज आला. ‘‘सांग.’’

‘‘हारलो. तीन-शून्य. खाली गेलो, तिसऱ्या वर्गात.’’

‘‘खरं?’’

‘‘खरं गा दादा. देवाशपथ.’’

‘‘कोणी केले गोल?’’

मी तिन्ही नावं सांगितली, कितव्या मिनिटाला तेही सांगितलं. शेवटचा पेनल्टीवर, हेही सांगितलं. लपवण्यासारखं काहीच ठेवलं नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘बरं. ठेव आता. मले जरा एकट्याले बसू दे.’’

मी घाईघाईनं विचारलं, ‘‘पुढच्या रविवारी करू?’’

‘‘आता मॅच कुठं हायेत? ऑगस्टात कर. सुरू झाल्या की.’’

मे सुरू होता. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मी म्हटलं, ‘‘मधे असाच करत जाऊ का? काही नसलं तरी?’’

तो विचारात पडला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ‘‘असाच करून काय बोलशील वं?’’

मी फोन कानाला लावून उभी राहिले. गॅलरीत कपडे वाळत होते, खाली भाजीवाला ओरडत होता. सांगण्यासारखी एक तरी गोष्ट आठवावी म्हणून मी घरभर बघितलं. पलीकडे दादा वाट बघत होता.